पोराला मठ्ठ म्हणण्याआधी त्याचं पाणी विचार

पोरी, अंगणवाडीत रुजू झालीस हे ऐकून फार बरं वाटलं. झरी-जामणीच्या बाजूचं गाव मिळालं म्हणतेस. वजनकाटा, उंचीची पट्टी, मोबाइलवर माहिती भरणं हे सगळं प्रशिक्षणात शिकवतील. मी तुला पाण्याचं सांगते. केळापूर, झरी, मारेगाव, वणी, तिकडे नांदेडचा किनवट, चंद्रपूरचा वरोरा-राजुरा या साऱ्या पट्ट्यात मी मुलं वाढताना पाहिली, आणि मुलाच्या वाढीची चौकशी त्याच्या पिण्याच्या पाण्यापासून सुरू करावी हे मला फार उशिरा कुणीतरी सांगितलं. तुला पहिल्याच महिन्यात कळलेलं बरं.

गावात गेल्यावर आधी शाळेत जा. अंगणवाडीतल्या पोरांना दुधाचे दात असतात, त्यावर फारसं दिसत नाही. दुसरी-तिसरीतल्या मुलांना हसायला लाव आणि वरचे पुढचे नवे दात बघ. त्यावर खडूसारखे पांढरे आडवे पट्टे, पिवळट रेघा किंवा तपकिरी डाग असतील, दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे असतील आणि घासून निघत नसतील, तर ते बहुतेक फ्लोराइडचे डाग आहेत. हे दात उगवतात सातव्या-आठव्या वर्षी, पण हिरडीच्या आत त्यांचा थर तयार होतो बाळ दीड-दोन वर्षांचं असताना. म्हणजे आज सात वर्षांच्या पोराच्या दातावर पाच वर्षांपूर्वीचं गावचं पाणी लिहिलेलं असतं. त्याच वयात मेंदूही सगळ्यांत झपाट्याने वाढत असतो. म्हणून दात बघायचे.

मोठ्या माणसांकडेही नजर ठेव. गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरता येतात का, हनुवटी छातीला टेकते का, दोन्ही हात मानेमागे नेता येतात का, एवढं गप्पा मारता मारता करून घे. एकाच बोअरवर पाणी भरणाऱ्या घरांतली चाळिशीतली माणसं या तिन्हींत अडखळत असतील, तर वाताचं दुखणं म्हणून सोडून देऊ नकोस.

हे पाणी फसवतं, ते नीट समजून घे. आपल्याकडे 1972च्या दुष्काळानंतर बोअर खोदण्याचा सपाटा लागला. सोलापूरला तयार झालेल्या हातपंपावरूनच पुढे देशभर दिसणारा इंडिया मार्क टू पंप आला. त्या पंपांनी लाखो पोरं हगवणीपासून वाचवली, हे विसरायचं नाही. पण खोल खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी वर आलं, आणि यवतमाळच्या दक्षिणेला काळ्या पाषाणाखाली जुने खडक लागतात, त्यातलं फ्लोराइड त्या पाण्याबरोबर आलं. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी असतं त्यात फ्लोराइड जास्त विरघळून राहतं. म्हणून असं पाणी पुष्कळदा जड लागत नाही. साबणाला फेस येतो, तुरीचं वरण झटकन शिजतं, चवीला गोड लागतं. बाया मुद्दाम त्याच बोअरवर जातात आणि जवळच्या जुन्या विहिरीचं पाणी 'वरण शिजत नाही' म्हणून सोडून देतात. त्यांना दोष देऊ नकोस, पिढ्यान्‌पिढ्या पाणी असंच पारखलं गेलंय. पण चव, रंग, वास, वरण, यातल्या कशावरूनही फ्लोराइड कळत नाही. तपासल्याशिवाय कुठल्याच बोअरला चांगलं म्हणू नकोस आणि वाईटही म्हणू नकोस.

बुद्धीचं काय ते आता सांगते, आणि यात तुझी जीभ फार सांभाळून वापरायची आहे. आपल्या मानकाप्रमाणे लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेचीही मर्यादा 1.5 आहे. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने जगभरचे अभ्यास एकत्र तपासून 2024च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की 1.5च्या वरचं फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध दिसतो, आणि ही गोष्ट ते मध्यम खात्रीने सांगतात. त्याखालच्या पातळीबद्दल पुरावा पुरेसा नाही असंही त्यांनीच लिहिलं. हे अभ्यास गावोगावच्या मुलांच्या सरासरीवर चालतात. गावात गरिबी असते, आई अशक्त असते, शाळा लांब असते, आणि या सगळ्याचा हिशेब प्रत्येक अभ्यासाने तितक्याच काटेकोरपणे मांडलेला नसतो. म्हणून एखाद्या पोराकडे बोट दाखवून 'याचं डोकं पाण्याने बिघडलं' असं कधीही म्हणायचं नाही. त्याच्या आईसमोर तर नाहीच. ती बाई ते वाक्य आयुष्यभर उराशी धरून बसते. तू एवढंच म्हण, की गावचं पाणी पोरांच्या वाढीला चांगलं नाही आणि ते बदलता येतं.

डाग पडलेल्या दातांच्या पोरींना लग्नाच्या वेळी किती ऐकावं लागतं ते मी पाहिलंय. शाळेत हसताना तोंडावर हात घेणारी मुलगी उत्तर येत असूनही हात वर करत नाही, आणि मग ती मागे पडलेली समजली जाते. तो डाग विटेच्या पुडीने किंवा राखेने घासून काढायला कुणी लावत असेल तर थांबव, दाताचा थर झिजतो आणि डाग तसाच राहतो. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांचं पाणी बदललं तर अजून घडत असलेले दात वाचतात. धाकट्या भावंडांचे तर सगळेच वाचतात. आईला ही गोष्ट पटकन समजते, कारण ती तिला डोळ्यांनी दिसणार असते.

आता खरी कामाची गोष्ट. गावचं सगळं पाणी एका दिवसात बदलणार नाही. पण धुण्याभांड्याला, आंघोळीला बोअरचंच पाणी चालू दे, फ्लोराइड कातडीतून शिरत नाही. पिण्याचं आणि शिजवण्याचं पाणी तेवढं वेगळं काढायचं. 'शिजवण्याचं' हा शब्द बाया ऐकून सोडून देतात. भात नि वरण भांड्यातलं पाणी पिऊन घेतात, त्यातलं फ्लोराइड तसंच ताटात येतं. म्हणून घरात पाण्याचे दोन गुंड ठेवायला सांग, एक पिण्या-शिजवण्याचा आणि एक बाकीच्या कामाचा. आणि घरात सगळ्यांना पुरेल एवढं चांगलं पाणी नसेल, तर आधी गरोदर बाई, मग दोन वर्षांखालचं लेकरू, मग आठ वर्षांपर्यंतची पोरं. आपल्याकडे चांगलं ते आधी कर्त्या पुरुषाला वाढायची रीत आहे, इथे ती उलटवावी लागेल. हे सासूच्या तोंडून वदवून घे, सुनेने म्हटलेलं घरात टिकत नाही.

उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. कॅण्डलचा फिल्टर, क्लोरिनचे थेंब, तुरटी फिरवणं, यांनी जंतू किंवा गाळ जातो, फ्लोराइडला त्यांचा धक्का लागत नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने शोधलेली नलगोंडा पद्धत आहे, तीत तुरटी आणि चुना वापरतात, पण मोजून. पाण्याचा क्षारपणा किती नि फ्लोराइड किती यावर मात्रा ठरते. घरी अंदाजाने तुरटी ओतली तर पाण्यात ॲल्युमिनियम उरतं. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे घरगुती फिल्टर चांगलं काम करतात, मात्र त्यातले दाणे काही महिन्यांनी निकामी होतात, त्यांना परत चार्ज करावं लागतं. फिल्टर वाटप झालं, फोटो निघाला आणि पुढच्या वर्षी त्याच फिल्टरात ज्वारी साठवलेली दिसली, असं व्हायला नको. फिल्टर गावात येण्याआधी तो कोण आणि कशाच्या पैशाने चालवणार हे ग्रामसभेत लिहून घ्यायला लाव.

आरओने फ्लोराइड निघतं, हे खरं. पण आरओ कॅल्शियम-मॅग्नेशियमही काढून टाकतं. खेड्यातल्या पोराला दूध कमी, ताक कमी, आणि वरून पाणीही असं, तर ताटातून कॅल्शियम भरून काढायलाच हवं. जिथे पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट, काहीच जास्त नाही, तिथे आरओच्या मागे कुणी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. विक्रेते गावात येतात, पेनासारखं टीडीएस मीटर पाण्यात बुडवतात आणि आकडा दाखवून घाबरवतात. टीडीएसमध्ये फ्लोराइड वेगळं दिसत नाही. कमी टीडीएसचं पाणी फ्लोराइडने भरलेलं असू शकतं आणि जास्त टीडीएसचं पाणी पोराला चांगलं असू शकतं. दुसरा एक जण पाण्यात दोन कांड्या घालून वीज सोडतो नि पाणी तपकिरी करून दाखवतो. तो रंग त्याच्या लोखंडी कांडीचा असतो. हे दोन्ही खेळ बायांना आधीच सांगून ठेव.

सगळ्यांत स्वस्त उपाय बहुतेक गावात पडूनच असतो, तो म्हणजे जुनी उथळ विहीर. पावसाचं पाणी तिच्यात ताजं उतरतं, खडकाशी त्याची फार दिवस गाठ पडत नाही, म्हणून फ्लोराइड बहुधा कमी असतं. मध्य प्रदेशात धार-झाबुआकडे नीरी आणि युनिसेफने अशा विहिरी उपसून, कठडे बांधून, झाकून परत वापरात आणल्या. मात्र उघड्या विहिरीचं पाणी क्लोरिनशिवाय द्यायचं नाही, फ्लोराइड टाळताना कावीळ नि हगवण घरात आणायची नाही. आणि शेताला लागून विहीर असेल तर नायट्रेट नक्की तपास. त्याची मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेलं डब्याचं दूध पाजलं तर रक्त प्राणवायू नेईनासं होतं, ओठ-नखं निळी पडतात. उकळून नायट्रेटही जात नाही.

या सगळ्यात देवाने एक सोय करून ठेवली आहे. आई फ्लोराइडचं पाणी पीत असली तरी तिच्या दुधात ते नावालाच उतरतं. म्हणून पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हा नियम आपल्या भागात आणखी घट्ट धर. चंद्रपूर-यवतमाळच्या मे महिन्यात आजी म्हणणारच, की लेकराच्या घशाला कोरड पडते, चमचाभर पाणी द्या. नाही म्हणून सांग. आईने स्वतः पाणी प्यावं आणि बाळाला वारंवार पाजावं. घुटी बोअरच्या पाण्यात उगाळून देतात, तीही नको. आणि पावडरचं दूध बोअरच्या पाण्यात कालवून पाजणं, ही मी पाहिलेली सगळ्यांत वाईट सुरुवात. आईला काही अडचण असेल तर डॉक्टरांना विचारून, पण पाणी तपासलेलंच.

गरोदर बाईकडे पहिल्या महिन्यापासून लक्ष दे, कारण पोटातल्या बाळाची थायरॉइड ग्रंथी निम्मे दिवस सरेपर्यंत नीट काम करत नाही, तोवर ते आईच्याच संप्रेरकावर वाढतं. त्यासाठी आयोडीन लागतं. आयोडीन ही मुळात जमीन-पाण्यातली चीज. हिमालयाच्या पायथ्याला ते धुऊन गेलं म्हणून गावंच्या गावं गलगंडाने आणि मंद मुलांनी भरली होती. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956पासून कांगडा खोऱ्यात मिठातून आयोडीन देऊन ते थांबवता येतं हे दाखवलं, आणि 1962पासून देशाने तो कार्यक्रम घेतला. आपल्या पाण्यावर आयोडीनसाठी विसंबायचं नाही, ते मिठातूनच येऊ दे. पण बाजारात हल्ली सैंधव मिठाचं खूळ आहे. पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलेलं नसेल तर ते गरोदर बाईच्या घरात रोजचं मीठ म्हणून नको. सुटं खडेमीठही तसंच. मिठाची बरणी झाकणाची असावी, चुलीपासून दूर असावी आणि मीठ भाजीत शेवटी घालावं, म्हणजे आयोडीन उडत नाही. फ्लोराइडच्या गावात हे जास्तच महत्त्वाचं, आयोडीन कमी पडलेल्या अंगावर फ्लोराइडचा मार जास्त बसतो असं दिसतं.

रक्ताचंही तसंच आहे. फ्लोराइडवर काम करणाऱ्या डॉ. सुशीला यांच्या चमूने दिल्लीत रक्त कमी असलेल्या गरोदर बायांचं फ्लोराइड कमी केलं आणि आहार सुधारला, तेव्हा हिमोग्लोबिन चढलं आणि बाळांचं वजनही वाढलं. 2010 साली ते छापून आलं. लोहाच्या गोळ्या देऊनही एखादीचं रक्त चढत नसेल तर तिला 'गोळ्या फेकतेस' म्हणून ओरडण्याआधी पाणी विचार. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, आणि चहा दोन्हींपासून लांब. कोरा चहा तर पोरांना मुळीच नको. चहाच्या पत्तीत फ्लोराइड असतं आणि चहा लोहही अडवतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा 1 मिली देतात, ते स्वतःच्या हाताने पाज.

ताटाचं सांगते. जेवणाबरोबर ताक किंवा दूध असलं तर त्यातलं कॅल्शियम आतड्यातच फ्लोराइडला धरतं आणि बरंचसं बाहेर जातं. म्हणून ताक जेवताना प्यावं, जेवणाआधी वा नंतर तासभराने पिऊन तो फायदा मिळत नाही. तीळ, मुंगन्याचा पाला रोजच्यात असू दे. पहिल्या पावसात बांधावर तरोटा उगवतो, कोवळा खुडून भाजी कर, उरलेला सावलीत वाळवून भुकटी ठेव. धार-झाबुआकडे तीच भाजी या कामासाठी पुन्हा चुलीवर आणली, तिथे तिला चकोडा म्हणतात. आंबट ताटात राहू दे. आवळा, लिंबू, जाम म्हणजे पेरू, ही क जीवनसत्त्वासाठी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने शाळकरी मुलांना रोज थोडी चिंच दिली तेव्हा लघवीतून जास्त फ्लोराइड बाहेर पडलं. आपल्या वरणात चिंच असतेच, ती टोमॅटोने घालवू नका. पण पाणी तेच ठेवून नुसती भाजी खाऊन हे सुटणार नाही, तेही स्पष्ट सांग.

फ्लोराइडवरच सगळं ढकलू नकोस. भांड्याच्या तळाशी तांबूस थर बसत असेल तर लोह, काळपट डाग पडत असतील तर मँगनीजही असू शकतं. बांगलादेशात अरायहजार भागातल्या दहा वर्षांच्या मुलांत पाण्यातलं मँगनीज जास्त तिथे बुद्धीच्या चाचणीचे गुण कमी आले होते, आणि ते पाणी दिसायला स्वच्छ असू शकतं. आपलं मानक 0.1, फार तर 0.3 मिलिग्रॅम. शिसं पाण्यापेक्षा नळातून नि भांड्यातून येतं, आणि त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही. भंगार वितळवून केलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेचं सार उकळू नये. नवा पितळी नळ बसवला असेल तर रात्रभर साचलेलं पहिलं पाणी झाडांना द्यावं.

आणि मागे राहिलेलं पोर दिसलं की त्याला पाण्याच्या नावावर सोडून देऊ नकोस. त्याला नीट ऐकू येतं का, दिसतं का, जंत आहेत का, घरी त्याच्याशी कुणी बोलतं का, हे आधी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गावात आलं की त्याला पुढे कर. रोज त्याच्याशी बोल, त्याच्याकडून गोष्ट सांगून घे. या बाबतीत तुझ्याइतकं काम कुठलंही यंत्र करत नाही.

तपासणीचं शेवटचं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलं आहे. तुझ्या गावातल्या कोण ते शोध, नसतील तर स्वतः नाव दे. त्या संचातला रंग शंका दाखवतो, पक्का आकडा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून घे. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा एप्रिलमध्ये, कारण पाणी खाली गेलं की आकडा बदलू शकतो आणि तेव्हाच लोक बंद पडलेली बोअर परत सुरू करतात. नमुना प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत घे, काचेच्या नको. पंप पाच मिनिटं चालवून आधीचं पाणी जाऊ दे, बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून मग काठोकाठ भर. वर गाव, बोअरची जागा, तारीख लिही. 'फ्लोराइड, नायट्रेट, लोह, मँगनीज' असं चिठ्ठीवर लिहून दे, नुसतं 'पाणी तपासणी' लिहिलं तर जंतूच तपासून येतात. निकाल आला की एक प्रत ग्रामपंचायतीत दे, सही घे, आणि दुसरी अंगणवाडीच्या दारावर मोठ्या अक्षरात लाव, बोअरच्या नावासकट.